खर्ड्याला नेलेले तीन हॉप

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आठवडाभर माझ्याविषयी जे चाललंय ते मी वाचतोय. 'या वयात हे शोभतं का', 'पोरीला समजवायचं सोडून', वगैरे. एका चुलतभावानं तर शब्दसुद्धा खर्च न करता जोडलेल्या हातांची तीन चित्रं टाकली. तेव्हा आधी कबुली देतो, मग प्रवास सांगतो. होय, माझ्या मेहुणीच्या मुलीला, अश्विनीला, मी गाडीत घालून शेवगाव, खर्डा, मिरजगाव असं तीन दिवस फिरवलं. होय, बिअरच्या कामासाठी. तिनं पुन्हा म्हटलं तर पुन्हा जाईन. फक्त निघण्यापूर्वी स्टेपनीत हवा आहे का ते बघेन.

अश्विनी पुण्यात बिअर बनवते. तिथंच टाक्या, तिथंच गिऱ्हाइकं, असं ते ठिकाण आहे. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, एकोणतीस वर्षांची, कामावर पायात गमबूट. पहिली तीन वर्षं मी नातेवाइकांना 'ती पावाच्या कारखान्यात आहे' असं सांगत होतो. यीस्ट दोन्हीकडे लागतं, म्हणून मी ते निम्मंच खोटं धरत होतो. मग आमच्यातलाच एक जावई तिथं ग्लास घेऊन बसलेला असताना त्याला काचेपलीकडे अश्विनी दिसली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांत बोभाटा झाला. तो तिथं काय करत होता, हे आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःची बिअर करायला मिळणार होती. ज्वारीची. ज्वारी किती, कशी भिजवायची, किती वेळ शिजवायची, सगळं तिचं ठरलं होतं. अडलं होतं हॉपवर. हॉप म्हणजे थंड मुलखातल्या एका वेलीचं फूल. बिअरला कडवटपणा आणि वास देतं ते हे. आपल्याकडे येतं ते वाळवून, दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात, चंदेरी पुड्यांतून. जाती ढीगभर. अश्विनीनं गाळत गाळत तीन ठेवल्या होत्या. सिट्रा, जिला पिकल्या आंब्याचा वास येतो म्हणे. कॅस्केड, जिला आंबट फळाच्या सालीचा. आणि साझ, जिला वाळल्या गवताचा आणि किंचित मिरीचा. 'म्हणे' अशासाठी की सायनसच्या ऑपरेशननंतर माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच उरलं आहे.

तिन्हींतली एक निवडून मालकाला सोमवारी दुपारी तीनपर्यंत कळवायची होती, कारण वर्षाचा माल एकदाच मागवतात. मालकाचा कौल सिट्राला, अश्विनीचा ओढा साझकडे. मीटिंगमध्ये ती तसं म्हणाली तेव्हा मालक हसला. "ज्वारी, आणि वर गवताचा वास? लोकांना आपण गोठ्यात बसवतोय का?" मग सगळेच हसले. वर त्यानं हेही सांगितलं की निवड तुझी, पण बिअर पडून राहिली तर ज्वारी कायमची बंद आणि तू परत टाक्या धुवायला.

त्यानंतर तिनं त्या पुड्या इतक्या वेळा हुंगल्या की एके दिवशी आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "काका, मला आता तिन्हींत मालकाचाच वास येतो."

तिला ज्वारी कळणारं पण बिअर न कळणारं नाक हवं होतं. माझ्या ओळखीत शेवगावचे बाबूशेठ आडते होते. गाडीही माझी होती. आणि बिअर मी पीत नाही, पित्त होतं. म्हणजे ड्रायव्हर म्हणून मी आदर्श.

शेवगाव, शनिवार

तिसगावच्या अलीकडे वेड्या बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तीही बसलेली. मी टायरांभोवती दोन फेऱ्या मारल्या, जणू तिसरं कुठं तरी सापडेल. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं चाक घेऊन मला पंक्चरच्या दुकानापर्यंत नेलं आणि वाटेत विचारलं, "पाव्हणं कुठलं?" मी राजापूरकडचा असं सांगताच तो म्हणाला, "मग बरुबर हाय." काय बरोबर आहे ते त्यानं सांगितलं नाही.

बाबूशेठांचं दुकान बाजाराच्या रस्त्याला. दाराशी पोती, आत गादी, गादीवर स्वतः बाबूशेठ. धान्य घेताना ते पोत्यात टोकदार नळी खुपसतात, पडलेले दाणे तळहातावर घेतात, एक फुंकर घालतात, मग हात नाकाशी नेतात आणि एखादा दाणा दाताखाली फोडतात. एवढ्यावर ते धान्य काळ्या रानातलं की मुरमाड, काढून किती दिवस झाले, कुठं भिजलं, सगळं सांगतात. आमच्या कोकणात बांगडा घेताना कल्ले उघडून बघायची पद्धत आहे. नाकाचं काम त्यापुढं सगळा गाव आपोआप करतो. इथं मात्र नाक हा एका माणसाचा पेशा होता. अश्विनीचे डोळे चमकले. "काका, आम्ही पण अस्संच करतो. गोळी तळहातावर चुरडायची, दोन्ही हात गरम होईपर्यंत चोळायचे आणि ओंजळीत नाक घालायचं."

एवढं बोलून तिनं साझची पुडी उघडली आणि दोन गोळ्या बाबूशेठांच्या तळहातावर ठेवल्या. चोळा, असं ती म्हणायच्या आतच बाबूशेठांनी अंगठ्यानं त्या चुरडल्या, मळल्या, वरून दोन फटके मारून भुकटी उडवली, चिमूट उचलली आणि थेट खालच्या ओठात सोडली.

"अहो शेठ!" मी ओरडलो.

बाबूशेठ गादीवरून एवढ्या चपळाईनं उठले की तसं ते उठलेले शेजारच्या दुकानदारानंही पाहिलं नसावं. बाहेर जाऊन थुंकले, तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्या, मूठभर साखर खाल्ली आणि आत येऊन म्हणाले, "आरारारा! पाव्हणं, ही कसली तमाखू म्हनायची? कडुलिंबाच्या झाडाचा मुका घेतल्यावानी झालंया."

"तंबाखू नाही ती. नुसता वास घ्यायचा होता."

"मग मळाया कशाला दिली? शेवगावात हातावर काय पडलं की माणूस हुंगत बसत न्हाई."

चूक आमचीच होती. पण मी सांगतो, त्या भागात जाऊन कुणाच्या तळहातावर हिरवं, चुरडण्याजोगं काही ठेवाल तर आधी दुसऱ्या हातानं त्याचं तोंड धरा.

तोंड जाग्यावर आल्यावर त्यांनी धंद्याच्या गंभीरपणानं तिन्ही पुड्या हुंगल्या. सिट्रावर थांबले. पुन्हा हुंगली. "हे इकंल. डोळं झाकून इकंल. हापूसच हाय ह्यो."

"पण ज्वारीबरोबर?" अश्विनीनं विचारलं.

"ताई, जवारीचं कोन बघतंय त्यात? खाली भुस्सा घाला, वरून आंबा लावा. इकंल."

"आणि हा शेवटचा?"

"त्याचं नाव काढू नका माझ्यासमुर."

ते चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. तीस वर्षं माल विकलेला माणूस आणि पुण्यातला तिचा मालक दोघं एकच सांगत होते. अश्विनी पुड्यांची तोंडं दुमडत बसली. दुमडलेली पुन्हा उघडून पुन्हा दुमडत होती.

दिवेलागणीला बाबूशेठांकडे जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. पिठाची वळलेली छोटी वेटोळी, झणझणीत रश्श्यात शिजवलेली. आमच्याकडे कुळथाची पिठी पातळ करून भातावर ओततात आणि गरिबाचं जेवण म्हणून अपराधीपणानं वाढतात. इथं तेच कडधान्य असं ऐटीत ताटात बसलं होतं. मी तिसऱ्यांदा घेतले आणि रात्रीच्या गोळीची तजवीज मनातल्या मनात केली.

हात धुताना अश्विनी म्हणाली, "काका, उद्या पुण्याला नको. खर्ड्याला चला."

"आईकडे?"

"हं."

मी लगेच गाडीचं चाक, माझं पित्त, माझी सुट्टी अशी तीन कारणं सांगितली. तिनं तिन्ही ऐकून घेतली आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

खर्डा, रविवार

तिची आई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सुमनअक्का. खर्ड्याजवळच्या वाडीवर राहते. माझे साडू ऊसतोडीचे मुकादम होते, आता हयात नाहीत. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, तंबाखूसुद्धा नाही, त्यामुळे अक्काचा दारूवरचा राग घरातला नव्हता. तो गावातला होता. तोडीवरून सहा महिन्यांनी माणसं परतायची ती आधी देशी दारूच्या दुकानावर उतरायची आणि मग घरी. अक्कानं वाडीवाडीतल्या बायका गोळा केल्या. बाटली उभी ठेवायची की आडवी करायची, यावर बायकांचं मतदान होतं तसं झालं, बाटली आडवी झाली, आणि दुकानाचं शटर खाली ओढणाऱ्यांत अक्का पुढं होती. त्या बाईची लेक बिअर करते, हे तिला कळल्यापासून दोन वर्षं ती लेकीशी बोललेली नव्हती. आणि आख्ख्या पंचक्रोशीत ज्वारीचं बी निवडायला लोक बोलावतात ते तिलाच.

पाथर्डी मागं टाकून, जामखेडवरून आम्ही दुपारी पोचलो. वाडीवरच्या निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं अजून तोडीवर. अक्का ओसरीत बसून जुनं लाल लुगडं फाडत होती. सरळ, बोटभर रुंदीच्या चिंध्या. आम्हांला पाहून उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "या पाव्हणं. त्या पोरीला ईचारा, पानी घेनार का."

पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"अशू, पाणी घेणार का?" मी विचारलं.

"घेईन म्हणावं."

जेवणही असंच झालं. "तिला म्हनावं, लोनचं हाय." "आईला म्हणावं, मला माहीत आहे बरणी कुठं असते." मी घास गिळून इकडचं तिकडं पोचवत होतो. जावयाचा मान मला आजवर अनेक तऱ्हांनी मिळाला आहे, पण टपालखात्यासारखा पहिल्यांदाच. येसूर, म्हणजे भाजल्या धान्याचा मसाला, लावलेली आमटी इतकी चांगली होती की दोघींचं भांडण लवकर मिटू नये असं वाटलं.

उन्हं उतरल्यावर अक्का चिंध्या घेऊन रानात निघाली. आम्ही मागं. ज्वारी डोक्याच्या वर, कणसं भरलेली, आणि बांधावर उभं राहिलं की लांब किल्ल्याचा तट दिसतो. अक्का ओळीतून चालत होती. एखाद्या ताटापाशी, म्हणजे ज्वारीच्या धाटापाशी, थांबायची, त्याला वरपासून खालपर्यंत बघायची, शेजारची ताटं बघायची आणि पटलं तर चिंधी बांधून पुढं. ती चिंधीवाली ताटं वेगळी काढतात, पुढच्या साली पेरायला.

"पाव्हणं, तिच्या पिशवीत काय हाय ते ईचारा."

"चहा आहे, अक्का. परदेशी चहा." माझ्या तोंडून हे इतकं सहज आलं की मलाच कौतुक वाटलं.

"काका, बास," अश्विनी म्हणाली. आईसमोर तिची बोली आपोआप घरची झाली. "आई, बिअरमधी घालायचं फूल हाय ते. येलाचं फूल. दारू न्हाई त्यात."

अक्कानं चिंधीची गाठ मारली. "तमाखू बी नुसतं पानच असतंय."

"आनि आंबील? पीठ तू बी रातभर आंबवतीसच की."

"आंबील पिऊन कुनी बायकूला मारलेलं ऐकलंस का?"

"आमच्याकडं तसल्याला आत घेत न्हाईत."

"कपाळावर लिवून आनतो व्हय त्यो?"

अश्विनीनं मान हलवली, ते कबूल केल्यासारखी. मग म्हणाली, "तरी मी ते काम सोडनार न्हाई."

"सोड म्हनलं का मी? मी बोलत न्हाई, यवढंच म्हनलं."

"आता बोलतीयस की."

"पाव्हण्यांसंगं बोलतीया."

पाव्हणा तेव्हा कुसळं काढण्यात गुंतला होता.

मग अश्विनी बांधावरच्या बोरीखाली बसली आणि रोजचं सुरू केलं. गोळी चोळायची, ओंजळीत नाक, डोळे मिटून. एक पुडी, दुसरी, तिसरी, परत पहिली. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी जवळ जाऊन सांगितलं की काल बाबूशेठ म्हणाले तेच खरं असेल, आंबा लावून टाक, निदान ज्वारी तरी टिकेल. घाबरट सल्ला देण्यात माझा हात धरणारा आमच्यात कुणी नाही.

"तसं केलं तर ती माझी बिअर कशी, काका?"

अक्का चार ओळी पलीकडे होती. तिला हे ऐकू गेलं की नुसतं ते हुंगणं दिसलं, कोण जाणे. ताटं बाजूला सारत ती थेट बांधावर आली, आणि मध्ये मी असतानाही मला वगळून म्हणाली, "पुडीतलं काय हुंगतीस गं अशे? कवाधरनं बघतीया. हे म्हंजे खळ्यावर बी निवडन्यासारखं झालं."

अश्विनीनं डोळे उघडले.

"खळ्यावर समदीच कनसं चांगली दिसत्यात. मोठं बघून उचलतं माणूस, आनि फसतं. बी निवडायचं उभ्या रानात. ताट वाकतंय का, शेजारच्याला दाबतंय का, ते तितंच कळतं. एकल्या कनसाचं काय बघायचं? कशात घालनार हाईस ते?"

"जवारीच्या पान्यात. उकळत्या."

"मग त्यात घालून हुंग की."

"तिथं केलंय, आई. सगळ्यांच्या मधी उभं राहून. मला काय कळंना झालंय."

अक्कानं उरलेल्या चिंध्या कमरेला खोवल्या. "सकाळी कण्या टाकते," ती म्हणाली, आणि मग एकदम आठवल्यासारखं माझ्याकडे वळून, "तिला सांगा."

खर्डा, सोमवार सकाळ

कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी, मऊ शिजवलेली. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात तशी ही इथं धडधाकट माणसाला देतात, ताक घालून. त्या सकाळी मात्र अक्कानं भांडंभर पाणी ठेवून कण्या अगदी पातळ शिजवल्या आणि वरचं पाणी निवळून तीन तांब्यांत ओतलं. अश्विनीनं प्रत्येकात एकेका पुडीतली गोळी चुरून टाकली. वर ताटल्या झाकल्या. कुठल्या तांब्यात काय, ते एकट्या अश्विनीला माहीत. तिचा मालक आणि बाबूशेठ तिला काय सांगत होते, ते मी रात्रीच अक्काच्या कानावर घातलं होतं.

"हात लावनार न्हाई मी त्याला," अक्कानं आधीच बजावलं. "प्यायची तर न्हाईच. नुसता वास."

"फूल हाय ते, आई."

"म्हनून तर वास घेतीया."

ती चुलीपुढं बसली होती, आम्ही समोर. ताटली अश्विनीनं काढायची, वाफ अक्कानं घ्यायची. पहिली ताटली निघाली. अक्का वाकली, लगेच मागं झाली.

"आंबा. पिकून फुटलेला. चांगला हाय गं वास, न्हाई म्हनत न्हाई." पुन्हा वाकली. "पन जवारी कुठं गेली?"

मीही वाकलो. मला वाफ लागली.

दुसरी. "ईडलिंबाची साल. ही जवारीसंगं भांडतीया. कवा ही वर, कवा ती."

तिसऱ्या तांब्यावर ती बराच वेळ वाकून राहिली. इतका वेळ की मला वाटलं तिचा डोळा लागला. "कडब्याची पेंढी सोडावी तसा वास हाय ह्यो. आनि मागनं थोडी मिरी." परत हुंगलं. "जवारी जितं हाय तितंच हाय. पन..."

"पन काय?"

"लई दबकं हाय हे. कुनाच्या ध्यानात यायचं न्हाई. येनारा म्हनंल, ह्यात काय हाय? नुसती जवारी तर हाय."

अश्विनीचा चेहरा बघवत नव्हता. तिला वाटलं होतं एक तांब्या निवडला जाईल आणि दोन बाजूला सरतील. तसं झालं नाही. एकात लोक होते पण ज्वारी नव्हती. दुसऱ्यात ज्वारी होती आणि लोक येतील याची खात्री नव्हती.

"मग कुठलं घिऊ, आई?"

"ते मी का सांगू?"

"तुला कळतंय म्हनून."

"मला वास कळतो, तो सांगितला. आता निवडायचं तुला हाय." अक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "दुकान बंद केलं तवा मी कुनाला ईचारलं हुतं? तुझ्या बापालासुदिक न्हाई. लोक म्हनले, बाईला येड लागलंय. मी म्हनलं, लागू द्या. आनि तू? तुझा मालक सांगतो तर त्याचं ऐकाया निगतीस, शेवगावचा आडत्या सांगतो तर त्याचं, आनि आता मी सांगीन तर माझं. मग तुझं काय हाय त्यात?"

हे ती इतक्या जोरात बोलली की शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. अश्विनी उठली. मला वाटलं, रडणार. ती तिन्ही तांबे उचलून मागच्या दारी गेली आणि उभ्यानं एकेकातलं पाणी चवीला घेत राहिली. आम्ही दोघं आतून बघत होतो. तिनं तोंड पुसलं, दोन तांबे भाजीच्या वाफ्यात ओतले आणि तिसरा शेवटपर्यंत प्यायली. कुठला, ते मला दिसलं नाही. अक्काला दिसलं असावं.

निघताना अश्विनीनं विचारलं, "टाकीसाठी तुझी जवारी देशील? चिंधीची नको. बाकीची."

"न्हाई."

"बरं."

"वास सांगितला, दाना देनार न्हाई. ह्या रानातला दाना त्यात जायचा न्हाई, मी हाय तवर. आनि गावाचं नाव त्या बिअरवर घातलंस तर पुन्याला येऊन तुझा गल्ला बी आडवा करीन."

"न्हाई घालत."

"घालूच नको."

दोघी एकमेकींकडे अशा बघत होत्या की मध्ये उभं राहायची मला गरज वाटली नाही, सोयही नव्हती. आमच्या ग्रुपवरच्या मंडळींना मी इथं एवढंच सांगतो: तुम्ही दोन वर्षं ज्या पोरीला 'आईला तोंड कसं दाखवते' म्हणत होता, तिनं ते दाखवलं, खोटं न बोलता. खोटं बोलणारा तिथं एकच होता आणि त्याला जावयाचा पाट मिळाला.

अक्कानं माझ्या हातात पिठाची पिशवी दिली. "भाकरी करून खा. टाकीत गेलं तर मला कळंल." ते अश्विनीला उद्देशून होतं, आणि थेट होतं.

मिरजगाव, सोमवार दुपार

मिरजगावला पोचेपर्यंत अडीच वाजले. महामार्गाच्या कडेला एका दुकानात अश्विनीनं ज्वारी बघितली. दुकानदारानं आधी मला नमुना दाखवला, कारण माझ्या डोक्यावर टोपी होती. मी तो हुंगला, गंभीर मान डोलावली आणि शिंकलो. मग त्यानं तिला दाखवला. तिनं पोत्याच्या वरचे दाणे बाजूला केले, कोपर आत जाईपर्यंत हात घातला आणि खालची मूठ बाहेर काढली. पहिलं पोतं नाकारलं. दुसरंही. दुकानदार म्हणाला, "ताई, यवढं बघून भाकरी येगळी लागती का?" ती म्हणाली, "भाकरी न्हाई करायची. बिअर करायचीय." त्याच आवाजात, पाऊण बाजाराला ऐकू जाईल असं. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बरोबर ऐकलंत." तीन वर्षं पाव भाजल्यानंतर मला ते वाक्य बोलायला फार बरं वाटलं. तिसरं पोतं तिनं घेतलं.

शेजारच्या हॉटेलात पिठलं-भाकरी सांगितली आणि तिनं मालकाला फोन लावला. ट्रकांचा आवाज होता म्हणून स्पीकरवर.

"साझ," ती म्हणाली.

पलीकडे मालकानं आधी कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग, "कुणाला विचारून ठरवलंस?"

"कुणालाच नाही."

"अश्विनी, सिट्रा विकली जाईल. हे तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. पण तिच्यात ज्वारी झाकली जाते. मला झाकायची नाहीये."

"आणि लोक म्हणाले, यात काय आहे, नुसती ज्वारी तर आहे?"

मी भाकरी मोडता मोडता थांबलो. शब्दाला शब्द तोच होता.

"म्हणू देत," ती म्हणाली. "नुसती ज्वारीच आहे ती. तीच प्यायला द्यायचीय मला. नाही आवडली तर तसं सांगतील आणि मी टाक्या धुवीन. पण आंबा लावून आवडली, तर ती आंबा आवडला म्हणून आवडली."

"लेखी पाठव. खाली तुझं नाव घाल."

फोन बंद झाला. तिनं तिथंच, पाण्याचा ग्लास सरकवून, मेसेज लिहिला आणि मला वाचून दाखवला. ज्वारीच्या बिअरसाठी साझ. निवड माझी. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. मी सुचवलं की 'निवड माझी' ऐवजी 'सर्वांच्या विचाराने' असं घातलं तर पुढंमागं बरं पडतं. ऑफिसात मी आयुष्यभर तेच घालत आलोय. तिनं ते ऐकून घेतलं आणि मेसेज होता तसा पाठवला. तीनला सात मिनिटं कमी होती.

पिठलं आलं, वर तेलाची धार, बाजूला ठेचा. पहिला घास घेतो न घेतो तोच टेबलावरचा फोन थरथरला. एकदा. मग परत. तिनं तो पालथा घातला आणि हॉटेलवाल्याला हाक मारली, "दादा, अजून दोन भाकरी. गरम असतील तरच."

फोन तिसऱ्यांदा थरथरला. माझा हात आपोआप तिकडे गेला, तशी तिनं त्यावर चापट मारली.

"अगं, उत्तर आलंय त्याचं."

"येऊ दे," ती म्हणाली. "भाकरी गार होतेय, काका. जेवा."